आई-बाप असलेले अनाथ



परदेशी आठ-दहा दिवस जायचं, तिथल्या गरीब मुलांमध्ये आणि कुटुंबांमध्ये सेवा करायची आणि परत यायचं, ही पद्धत गेल्या काही दशकांत फार वाढली आहे. अमेरिकेतल्या चर्चमध्ये तिला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या चर्चचे सुमारे १६ लाख सभासद वर्षाला अशा सफरीवर देशाबाहेर जातात. आपल्या पुण्या-मुंबईतली कॉलेजची मुलंही सुट्टीत काही आठवड्यांच्या स्वयंसेवेसाठी परदेशी जाऊन शाळा-आश्रमांत शिकवून येऊ लागली आहेत. या सेवेविषयी मला एकच गोष्ट मांडायची आहे, आणि ती आधीच सांगून टाकते. पाहुण्याचा मुक्काम जितका थोडा, तितकी मुलं एका आवारात गोळा करून ठेवलेली लागतात. आणि ती गोळा करायची तर कुणाच्या तरी घरातून आणावी लागतात. जाणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या हेतूने मुलांच्या घरात काय घडवून आणलं, तेवढंच मला आज तपासायचं आहे.

कंबोडियापासून सुरुवात करू, कारण तिथली नोंद सर्वांत स्वच्छ आहे. २००५ साली त्या देशात १५४ अनाथाश्रम होते. २०१० मध्ये ते २६९ झाले. त्यांतल्या मुलांची संख्या तेवढ्याच काळात ६,२५४ वरून ११,९४५ वर गेली. मग या पाच वर्षांत तिथं कोणतं युद्ध झालं, कोणता दुष्काळ पडला? काहीच नाही. ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्येच कोसळली होती आणि तिच्यात पोरकी झालेली मुलं एव्हाना स्वतः आईबाप झाली होती. एड्सची साथ उतरणीला लागली होती. गरिबी हटत होती. अनाथ मुलं दुपटीने वाढावीत असं एकही कारण दिसत नव्हतं. वाढत होते ते पर्यटक: २००५ साली १४ लाखांच्या आसपास, २०१० साली २५ लाख. २०११ साली युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीचा निष्कर्ष असा, की या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात होता. सरकारी आश्रम अगदी मोजके होते. बाकीचे परदेशी देणग्यांवर चालत होते, आणि त्यांतले कित्येक देणगीदार मिळवण्यासाठी पर्यटकांकडे वळले होते.

दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणून आकडे बाजूला ठेवून व्यवहार जवळून बघायला हवा. सिएम रीप हे अंकोर वाटच्या देवळांशेजारचं शहर. दिवसभर देवळं पाहून थकलेले परदेशी लोक संध्याकाळी बाजारातल्या गल्ल्यांमध्ये जेवायला बसत, आणि टेबलांमधून मुलं पत्रकं वाटत फिरत: आमच्या आश्रमात आज नाच आहे, जरूर या. आश्रमाच्या अंगणात मुली अप्सरा-नृत्य करत, मग देणगीची पेटी पुढे येई, मग प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर एक मूल आणि फोटो. अशा जागी पेटी भरायची तर मुलांनी फार टवटवीत दिसून चालत नाही. नवे कपडे कपाटात राहतात, फुटकी फरशी तशीच ठेवली जाते, कारण दुरुस्त झालेल्या फरशीसाठी पुढच्या गटाकडे काय मागणार? या प्रकाराविरुद्ध फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये जी मोहीम उघडली तिचं घोषवाक्यच होतं, की मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत. आता ही मुलं तिथं येतात कशी? गावात एक माणूस येतो आणि सांगतो, शहरात शाळा आहे, इंग्रजी शिकवतात, तीन वेळा जेवण आहे. आईबाप मूल विकत नाहीत, टाकत तर मुळीच नाहीत. आपल्याकडे आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मूल ठेवणारा बाप जे मनात धरतो, तेच त्यांनी धरलेलं असतं: पोर शिकेल. फरक एवढाच, की वसतिगृहातल्या मुलाला तिथं कुणी अनाथ म्हणत नाही, आणि दिवाळीला ते घरी येतं.

हेच नेपाळमध्ये वेगळ्या रीतीने घडलं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना दलालांनी सांगितलं, की मुलं काठमांडूला पाठवा, तिथं ती सुरक्षित राहतील आणि शिकतील. त्यासाठी घेतलेला पैसा त्या घरांच्या मानाने प्रचंड होता. काठमांडूत पोहोचल्यावर कित्येक मुलांच्या कागदपत्रांवर आईबाप मृत दाखवले गेले. युद्ध संपलं तरी आश्रम संपले नाहीत. ते राहिले कुठे? दुर्गम जिल्ह्यांत नव्हे, तर काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा जिथं परदेशी पाहुणे उतरतात त्या भागांत. मुलाचं गाव हुम्लात आणि त्याचा आश्रम विमानतळाजवळ, हा नकाशा मला कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगतो.

सात दिवसांच्या सफरीचं वेळापत्रक पाहिलं की हा नकाशा असा का होतो ते कळतं. शनिवारी विमान, रविवारी प्रार्थना आणि ओळख, सोमवार ते गुरुवार मुलांसाठी बायबलच्या गोष्टी, गाणी, कागदकाम, चेहऱ्यावर रंगकाम, फुटबॉल, दुपारी एखादी भिंत रंगवणं, शुक्रवारी निरोप आणि बाजार. वीस-पंचवीस जणांचा गट, सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, आणि भाषा कुणालाच येत नाही. या गटाला कुटुंबांत जाऊन काम करायचं असलं तरी कसं करणार? कुटुंबं डोंगरावर विखुरलेली. एका घरी पोहोचायला अर्धा दिवस. तिथं बसून विधवा आईशी कर्जाबद्दल, दारुड्या काकाबद्दल, शाळेच्या फीबद्दल बोलायला भाषा लागते, आणि तिने खरं सांगावं इतका विश्वास बसायला महिने लागतात. वर्षभर राहणारा माणूस कुटुंबापाशी जाऊ शकतो. सात दिवसांच्या माणसाला पन्नास मुलं एका फाटकाच्या आत हवीत, सकाळी नऊ वाजता, शाळा बुडाली तरी. हा दोष त्या माणसाच्या स्वभावाचा नाही. वेळेच्या तुटपुंजेपणातूनच संस्थेची गरज निर्माण होते, आणि दर उन्हाळ्यात असे गट येणार हे एकदा पक्कं झालं, की ती गरज भागवणारी माणसं आपोआप उभी राहतात.

आता त्या फाटकातून आत गेल्यावर काय होतं तेही पाहू. गट उतरताच चार-पाच वर्षांचं मूल धावत येतं, पूर्ण अनोळखी माणसाच्या कमरेला मिठी मारतं, कडेवर चढतं, सोडायला तयार होत नाही. पाहुण्याला भरून येतं. सफरीहून परतल्यावर सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच असते. बालमानसशास्त्र मात्र याच मिठीकडे काळजीने पाहतं. आईपाशी वाढलेलं त्या वयाचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या पदराआड जातं आणि तिथून बघतं. ज्याला कुणी एक माणूस धरून ठेवायला मिळालेला नाही, ते येईल त्याला धरतं. रोमानियात १९८९ साली हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता उलथली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी बालगृहांत होती. २००० साली बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी तिथल्या १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी अर्धी मुलं पालक-कुटुंबांत ठेवली, अर्धी संस्थेत होती तशीच राहिली. पुढच्या तपासण्यांत कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती दोन्ही सरस निघाली, आणि दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांची सर्वांत जास्त. संस्था स्वच्छ असो, जेवण पुरेसं असो, पाळीपाळीने येणारी माणसं मुलाला पुरत नाहीत. मग त्या पाळ्यांवर दर आठवड्याला आणखी वीस नवे चेहरे आणून बसवायचे, प्रत्येकाने पाच दिवस जीव लावायचा आणि सहाव्या दिवशी रडत बसमध्ये चढायचं, याचा मुलावर काय परिणाम होत असेल? रडणारा पाहुणा घरी जातो. मूल पुढच्या शनिवारची वाट बघायला शिकतं.

अशा घाईच्या सेवेचं टोक जगाने हैतीमध्ये पाहिलं. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चशी संबंधित दहा जणांचा गट तिथं गेला. २९ जानेवारीला ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन सरहद्द ओलांडताना त्यांना अटक झाली. मुलं अनाथ आहेत असं सांगितलं गेलं. चौकशीत निघालं, की बहुतेकांचे आईबाप जिवंत होते, आणि त्यांनी स्वतःच ती सोपवली होती, कारण शाळा मिळेल, चांगली जागा मिळेल असं त्यांना सांगण्यात आलं होतं. गटाच्या प्रमुखाला पुढे बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेली कोठडी हीच शिक्षा मानून सोडण्यात आलं. मुलं बालग्रामात ठेवली गेली आणि बहुतेक आपापल्या घरी परतली. या प्रकरणाकडे अपवाद म्हणून पाहिलं जातं. मला तसं वाटत नाही. घाई, भाषेचं अज्ञान, कागदपत्रांबद्दल बेफिकिरी आणि ‘आपल्याकडे मूल जास्त सुखी राहील’ हा विश्वास, या चारही गोष्टी प्रत्येक लहान सफरीत थोड्या थोड्या असतात. भूकंपाने त्या एका जागी आणल्या, एवढंच.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप असा: तिथं फरक पडो न पडो, जाणाऱ्याच्या मनात पडतो, तो परत येऊन आयुष्यभर देणगी देतो, जगाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो. हे तपासून पाहिलं गेलं आहे. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट गेले. कर्ट व्हर बीक हे मिशनवर श्रद्धा असलेले, स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयाशी जोडलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी या गटांनी बांधलेली घरं आणि स्थानिक संस्थेने बांधलेली घरं यांची तुलना केली. विमानभाडं धरून गटाचं एक घर सुमारे ३०,००० डॉलरना पडलं, स्थानिक संस्थेचं २,००० डॉलरना. राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात दोन्हीकडे काही वेगळं दिसलं नाही. आणि ज्यांची मनं बदलली म्हणतात त्यांचं काय? विचारल्यावर अनेकांनी सांगितलं, की आमचं दान वाढलं. देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा वाढ जेमतेम होती. बदल झाला असता तरी मी हा हिशेब मान्य केला नसता. एका वीस वर्षांच्या तरुणाला करुणा शिकवण्यासाठी पाच वर्षांच्या मुलाचं घर वापरायचं, हा सौदा कोणत्या धर्मात बसतो?

धर्माचं नाव घेतलं आहे तर तो आक्षेपही सोडून चालणार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माची खूण म्हणून अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांच्याकडे जाणं सांगितलं आहे, आणि मिशन-सफरींच्या पत्रकांवर हा संदर्भ हमखास असतो. पण तिथं अनाथ आणि विधवा एकत्र आले आहेत. बाप गेलेलं मूल आणि नवरा गेलेली बाई हे एकाच घरातले दोघं आहेत. त्या घरी जायला सांगितलं आहे, मूल बाहेर काढून आईला मागे ठेवायला नव्हे. ख्रिस्ती परंपरेतल्या विचारवंतांनीच हा मुद्दा सर्वांत कडकपणे मांडला आहे, हे मुद्दाम नोंदवते. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच उभे राहून त्यांनी सेवेसाठी येऊ नका असं सांगितलं. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचं २००९ चं पुस्तक, मदत कधी दुखापत करते याविषयीचं, आज अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये अभ्यासलं जातं.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात तर मिशनऱ्यांच्या आश्रमांनी मुलं जगवली. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या नसत्या, तर त्या मेल्या असत्या. अगदी खरं आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण नीट पाहिलं पाहिजे. त्यांतल्या कित्येकींच्या घरांत माणसंच उरली नव्हती. रमाबाई त्यांची भाषा बोलत होत्या, आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत त्यांच्यातच राहिल्या. आपल्याकडे टिकलेलं मिशनकार्य अशाच दीर्घ मुक्कामाचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मधल्या सदतीस वर्षांत ते मराठी शिकले. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले आणि मिरजेत जवळजवळ चार दशकं शस्त्रक्रिया करत राहिले. या लोकांच्या धर्मांतराच्या हेतूबद्दल आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण रविवारी ओळख आणि शुक्रवारी निरोप, असं त्यांनी कुणाला केलं नाही.

ज्यांना खरोखर कुणीच नाही अशा मुलांचं काय, हा प्रश्न राहतोच. अशी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी संस्था लागते, पण शेवटचा उपाय म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख हाच आहे आणि आपला २०१५ चा बालन्याय कायदाही तेच सांगतो. १९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडात मुलांचे आश्रम भरून गेले होते. २०१२ मध्ये तिथल्या ३३ संस्थांत तीन हजारांवर मुलं राहिली होती. सरकारने एकेकाचं कुटुंब, काका, आजी, नाहीतर पालक-कुटुंब शोधून त्यांना परत घरांत नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या देशात आठ लाख माणसं मारली गेली तिथं मुलांसाठी घरं सापडतात, तर सिएम रीपमध्ये का सापडू नयेत? कंबोडियाने स्वतः २०१६ मध्ये पाच प्रांतांतल्या आश्रमांतली ३० टक्के मुलं घरी पाठवण्याचं उद्दिष्ट ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल आधुनिक गुलामीच्या संदर्भात घेतली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रम-स्वयंसेवेतल्या धोक्यांविषयी ठराव केला.

आईबाप स्वतःच मूल आश्रमात देतात, मग आपण कोण बोलणार, असंही म्हटलं जातं. ते देतात ते शाळेसाठी आणि जेवणासाठी. म्हणजे कमतरता शाळेची आणि जेवणाची आहे, आश्रमाची नाही. आश्रमात एका मुलावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग त्या घरात गेला तर मूल घरातच राहून शिकतं. केनियाने २००४ पासून अनाथ आणि असुरक्षित मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना रोख मदत द्यायला सुरुवात केली ती याच विचाराने. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना हेच करते: २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये, घरी. रक्कम थोडी आहे, ती वेळेवर मिळत नाही अशा तक्रारी आहेत, कागदपत्रांसाठी विधवा बायकांना फार चकरा माराव्या लागतात. पण दिशा बरोबर आहे. त्या चकरा कमी करणं हे ज्याला मुलांसाठी काहीतरी करायचं आहे त्याच्यासाठी तालुक्याच्या गावी आजच उपलब्ध असलेलं काम आहे.

मग परदेशी जाऊच नये का? जाणाऱ्याकडे एखादं कौशल्य असेल आणि तिथल्या संस्थेने ते मागितलं असेल, तर जावं, आणि तिथल्या मोठ्यांना शिकवावं: परिचारिकेने परिचारिकेला, हिशेबनीसाने हिशेबनीसाला, समुपदेशकाने तिथल्या समाजसेविकेला. मुलांशी नातं तिथल्या माणसानेच जोडायचं, कारण तो पुढच्या वर्षीही असणार आहे. आपल्या शहरातल्या एखाद्या आश्रमाला शनिवारी भेट देऊन केक कापणाऱ्या गटांनाही हेच लागू आहे.

ज्या चर्चनी आणि संस्थांनी परदेशातले आश्रम वर्षानुवर्षं पोसले आहेत, त्यांनी हे सगळं पटल्यावर पैसा एकदम बंद करू नये, हे मात्र आग्रहाने सांगते. तसं झालं तर मुलं एका सकाळी रस्त्यावर येतात, नाहीतर दुसऱ्या, अधिक वाईट आश्रमात जातात. आश्रमाचे कर्मचारी समाजसेवक म्हणून प्रशिक्षित व्हायला, गावोगाव जाऊन नातेवाईक शोधायला, घराची पाहणी करायला, मूल आधी सुट्टीपुरतं आणि मग कायमचं घरी जायला, आणि त्यानंतरही महिन्यातून एकदा जाऊन बघायला काही वर्षं लागतात, आणि सुरुवातीला खर्च आश्रमापेक्षा कमी नसतो, कधी जास्तच असतो. या काळात देणगीदाराला पन्नास मुलांचा एकत्र फोटो मिळत नाही, मिठी मारणारं मूलही मिळत नाही. त्याला मिळते एक यादी: कोणतं मूल कोणत्या गावी, आजीकडे की मावशीकडे, फी भरली की नाही, शेळी घेऊन दिली ती जगली की मेली, आणि कोणत्या दोन मुलांची घरं अजून सापडलेली नाहीत. त्या दोघांसाठी शोध चालू ठेवायला पुढच्या वर्षीचे पैसे लागणार आहेत.